‘तीन महिने परेड केली की झाला पोलीस’ म्हणे! कुठं झाला ते सांगा की

एक मेसेज सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या निम्म्या ग्रुपवर फिरतोय. मला आतापर्यंत चार वेळा आलाय, त्यात एकदा सासुरवाडीच्या ग्रुपवर, म्हणजे तिथं तर उलट बोलायची पण सोय नाही. मजकूर थोडक्यात असा: कर्नाटकात दहावी नापास पण पोलीस होतोय, पैसे भरले की नंबर लागतोय, तीन महिने लेफ्ट-राइट केलं की हातात लाठी, कायद्याचं एक पान पण शिकवत नाहीत, वर ट्रेनिंगमध्येच सांगून ठेवलेलं असतंय की मराठीत आलेली तक्रार घ्यायची नाही, आणि महाराष्ट्रात मात्र दोन वर्षांचं कडक ट्रेनिंग असतं. शेवटी नेहमीसारखं ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

माझं बेळगावात शहापूरला झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. भरती निघाली की दोन आठवडे मला जेवायला फुरसत नसते, इतके पोलीस भरतीचे फॉर्म मी भरलेत. त्यामुळं हा मेसेज वाचून गप्प बसवेना. पोलिसांची वकिली करायला मी बसलेलो नाही हे आधीच सांगतो, माझा पण एक अनुभव आहे आणि तो चांगला नाही, खाली येतो त्यावर.

पहिलं, शिक्षण. दहावी नापासाचा फॉर्म पुढंच सरकत नाही हो, मार्क आणि रजिस्टर नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. सिव्हिल कॉन्स्टेबलला, म्हणजे जो ठाण्यात बसतो, गस्त घालतो, तुमची जबानी लिहून घेतो, त्याला पीयूसी, म्हणजे बारावी, पास लागते. सशस्त्र दलाला, म्हणजे जिल्ह्यात डीएआर आणि शहरात सीएआर, त्याला एसएसएलसी, म्हणजे दहावी पास, चालते. मेसेजवाल्यानं बहुतेक ही दहावी कुठंतरी ऐकली आणि नापास स्वतःच्या खिशातनं जोडलं. पीएसआय व्हायचं तर डिग्री.

आणि नुसत्या मार्कलिस्टवर भागत नाही. लेखी १०० मार्कांची, दीड तास, चुकलं की पाव मार्क कापतात. त्यातनं वर आलेल्यांना मैदानावर बोलावतात, पोरांना १६०० मीटर साडेसहा मिनिटांत, पोरींना ४०० मीटर दोन मिनिटांत. पोरांची उंची १६८ सेंटीमीटर, त्यात अर्धा सेंटीमीटर कमी पडला म्हणून घरी आलेलं पोरगं मी बघितलंय, आईनं ते आठ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. गोळा ७.२६ किलोचा, तो ५.६० मीटर टाकायचा. वाचायला सोपं वाटतंय, एकदा उचलून बघा.

पहाटे पाचला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाकडं चक्कर मारा, पोरं पळताना दिसतील. आमच्या गल्लीतला एक आहे, नाव सांगत नाही, गेल्या वेळेला सहा मिनिटं चौतीस सेकंद. चार सेकंदांनी गेला! आता रोज त्याचा धाकटा भाऊ मोबाईलवर स्टॉपवॉच लावून कठड्यावर बसतो आणि शेवटच्या राउंडला असा काय ओरडतो की फिरायला आलेली म्हातारी माणसं दचकतात. ‘कुणीही होतंय पोलीस’ हे त्या दोघांसमोर म्हणून दाखवा.

दुसरं, पैसे. इथं मेसेजवाल्याला पूर्ण खोटा ठरवता येत नाही, त्यामुळं जे झालं ते तारखांसकट सांगतो. २०२१ मध्ये ५४५ पीएसआयच्या जागांची परीक्षा झाली, ३ ऑक्टोबरला. नंतर उत्तरपत्रिकांमध्ये म्हणजे ओएमआर शीटमध्ये घोळ झाल्याचं बाहेर आलं, एप्रिल २०२२ मध्ये सरकारनं अख्खी परीक्षा रद्द केली, आणि जुलैमध्ये भरती विभागाचा प्रमुख राहिलेला एडीजीपी, म्हणजे अतिरिक्त पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारीच अटक झाला. उमेदवार कोर्टात गेले, हायकोर्टानं नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द करणं बरोबर ठरवलं, आणि २३ जानेवारी २०२४ ला केईएनं, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणानं, परत परीक्षा घेतली. म्हणजे घोटाळा झाला, नुसता नाही तर मोठा झाला, आणि प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या पोरांची दोन-अडीच वर्षं त्यात गेली, वयाची मर्यादा अंगावर आली ती वेगळीच. पण त्या यादीतला कुणी पैसे भरून थेट खाकी चढवून ठाण्यात बसला असं झालं नाही, यादीच रद्द झाली. ‘घोटाळा झाला होता’ आणि ‘सगळे पैसे देऊनच लागतात’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि दुसरं वाक्य त्या चार सेकंदवाल्या पोराला पण लागतंय.

तीन महिन्यांचं ट्रेनिंग. हे वाचून मला हसूच आलं, कारण मेसेज फिरवणारे बरेच जण खानापूरचे, आणि पोलीस ट्रेनिंग स्कूल त्यांच्या गावातच! कंग्राळीत केएसआरपीचं, म्हणजे राज्य राखीव पोलिसांचं, ट्रेनिंग स्कूल आहे, मच्छेला त्यांची बटालियन. पीएसआय म्हैसूरच्या पोलीस अकादमीत जातात, तिथं वर्षभर. कॉन्स्टेबलचं मूळ ट्रेनिंग साधारण आठ-नऊ महिन्यांचं असतंय. सकाळी पीटी आणि परेड आहेच, तेच लोकांना कुंपणाबाहेरनं दिसतंय म्हणून वाटतंय की दिवसभर तेवढंच, पण नंतर वर्ग असतात. कायदा, कर्नाटक पोलीस ॲक्ट १९६३, तपास कसा करायचा, पंचनामा, फर्स्ट एड, फायरिंग, कॉम्प्युटर, कारण एफआयआर आता ‘पोलीस आयटी’ नावाच्या सिस्टीमवर चढवावी लागते. आमच्याकडं एका ट्रेनीनं नोट्स झेरॉक्सला आणल्या होत्या, तीनशेच्या वर पानं होती, पाठपोट, आणि टोनर माझा संपला.

महाराष्ट्रात दोन वर्षं असतंय हे कुणी सांगितलं? तिकडं पण शिपायाचं नऊ महिन्यांच्या आसपासच. सांगली जिल्ह्यात तुरचीला केंद्र आहे तिथल्या कुणालाही विचारा. सीमाभागातली पोरं दोन्हीकडं ट्राय मारतात हे आपल्याला माहीतच आहे, महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या ८६५ गावांतल्या मराठी पोरांना तिकडचा फॉर्म भरता येतो, दाखल्यांसाठी ती माझ्याकडंच येतात. फरक आहे तो वेगळा आहे, तिकडं मैदान आधी आणि त्याचे ५० मार्क मोजतात, इकडं लेखी आधी आणि मैदान नुसतं पास-नापास. त्यामुळं इकडचं पोरगं पुस्तकात जास्त आणि तिकडचं ट्रॅकवर जास्त, एवढंच.

आता कायदा. ‘एक पान पण शिकवत नाहीत’ हे खोटं, पण ह्याच्या शेजारी एक खरी अडचण आहे आणि ती मेसेजमध्ये कुणी लिहिलीच नाही. १ जुलै २०२४ पासनं आयपीसी, सीआरपीसी, पुरावा कायदा तिन्ही गेले आणि नवीन तीन संहिता आल्या. म्हणजे ज्यानं पंधरा वर्षांपूर्वी ट्रेनिंग केलं त्याच्या तोंडात ३०२, ४२० बसलेलं, आणि आता खून १०३ झाला, फसवणूक ३१८. नुसते नंबर बदलले असते तर पाठ करून भागलं असतं. पण झडतीचं व्हिडिओ शूटिंग करायचं, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाले जागेवर यायला पाहिजेत, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी फिर्याद लिहून घ्यायची, ही सगळी नवीन कामं आहेत. त्यासाठी चार दिवसांचं ओरिएंटेशन आणि बंदोबस्त लागला की त्यातनं पण ओढून नेलं, असं एक ओळखीचा हवालदार सांगत होता. बेळगावात बंदोबस्त काय कमी असतात? डिसेंबरमध्ये सुवर्णसौधला अधिवेशन, १ नोव्हेंबरला राज्योत्सव आणि आपला काळा दिवस, गणपती, शिवजयंती. भरतीच्या वेळचं ट्रेनिंग बऱ्यापैकी होतंय, नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत काय होतंय ते विचारा.

हद्दीचं उदाहरण घ्या. सीमेपलीकडं महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला कुणाचा मोबाईल मारला, माणूस बेळगावचा. पूर्वी इकडं गेलं तर ‘चंदगडला जा’, तिकडं गेलं तर उशीर का केला. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतंय की जवळच्या ठाण्यात सांगा, ते लिहून घेतील आणि हद्दीच्या ठाण्याकडं पाठवतील. सीमेवरच्या माणसासाठी ह्याच्याएवढं उपयोगाचं दुसरं कलम नाही, आणि ते ठाण्यातल्या टेबलावरच्या माणसाला माहीत असणं म्हणजेच ट्रेनिंग.

आता भाषेचा मुद्दा. मेसेजमधला सगळ्यात जास्त टाळ्या मिळवणारा हाच आहे. मराठीत तक्रार घेऊ नका असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात ह्याचा पुरावा कुणाकडं आहे का? मी विचारलं तर ‘सगळ्यांना माहीत आहे’ असं उत्तर आलं. प्रशासनाची भाषा कन्नड, एफआयआर कन्नडमध्ये लिहिली जाते, पीएसआयच्या परीक्षेत कन्नड-इंग्रजी भाषांतर पण असतं, हे सगळं खरं. पण घटनेचं कलम ३५० सांगतंय की गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, आणि मराठी बेळगावात वापरात नाही म्हणणाऱ्यानं एकदा गणपत गल्लीतनं भाजी आणून दाखवावी.

माझा अनुभव असा. माझी बाईक चोरीला गेली. ठाण्याचं नाव लिहीत नाही. टेबलावर पोरगा होता, ट्रेनिंग संपवून नुकताच आलेला, बागलकोटकडचा, मराठीचा एक शब्द येत नाही, पण वागायला चांगला, बसा म्हणाला, पाणी दिलं. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये आणि निम्म्या मराठीत सांगितलं की गाडी लॉक केली होती, लॉक तुटलेलं पडलं नव्हतं, म्हणजे उचलूनच नेली असणार. त्यानं पानभर लिहिलं आणि सही करा म्हणाला. मला कन्नड बोलता येतंय पण हातानं लिहिलेलं वाचायला वेळ लागतो. पेन हातात घेतलं होतं, तेवढ्यात सहज म्हटलं, ‘स्वल्प ओदि हेळ्री’, जरा वाचून दाखवा. वाचताना कानावर आलं ‘लॉक माडदे निल्लिसिद्दे’. म्हणजे लॉक न करता लावली होती! मी सांगितलेलं ‘लॉक माडि’. एका अक्षराचा फरक, आणि विम्यावाल्यानं तेवढ्यावर माझा क्लेम उडवला असता. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं, माझ्या वाक्यातलं ते ‘नव्हतं’ त्याच्या डोक्यात भलत्याच ठिकाणी जाऊन बसलं होतं. लगेच खोडून नीट लिहिलं, सॉरी अण्णा म्हणाला. पण मी वाचून दाखवा म्हटलं नसतं तर? शेजारचा जुना हवालदार मराठी झकास बोलणारा, तो आमच्याकडं बघत चहा पीत होता, त्याला पण उठावंसं वाटलं नाही.

मला ह्यात शिकवलेला दुष्टपणा दिसत नाही, न शिकवलेली गोष्ट दिसते. मराठी गावांत ड्युटी लागणार असलेल्या पोराला कामापुरती मराठी, फार नाही, ‘केलं’, ‘केलं नाही’, ‘करू दिलं नाही’ एवढा फरक कळण्यापुरती शिकवायला आठ-नऊ महिन्यांत महिनाभर निघू शकतो. मागायचं तर हे मागा. ‘ट्रेनिंगच नसतं’ असं ओरडलं की समोरचा खानापूरच्या परेडचा फोटो दाखवून मोकळा होतो, विषय संपला!

होमगार्डचं एका ओळीत सांगतो, कारण त्या मेसेजसोबत एक व्हिडिओ पण जोडलाय. त्यातला हुज्जत घालणारा माणूस होमगार्ड आहे, खांद्यावरची पट्टी झूम करून बघा. ते मानधनावरचे, त्यांची भरती वेगळी, ट्रेनिंग वेगळं. खाकी दिसली की पोलीस असं नसतंय.

आणि ठाण्यात गेलात तर ध्यानात ठेवा, तोंडी सांगितलेलं लिहून झालं की वाचून दाखवायचं हे कायद्यातच आहे, उपकार नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. लिहूनच घेत नसतील तर तीच हकीकत पोस्टानं जिल्ह्यात एसपींना, शहरात कमिशनर ऑफिसला पाठवता येते. अर्ज मराठीत लिहिला तर खाली कन्नडमध्ये चार ओळींचा गोषवारा जोडा, काम लवकर होतंय, स्वाभिमान काय कमी होत नाही. दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसकट शिक्का मारून घ्या. झेरॉक्स माझ्याकडंच काढा असं नाही.