पस्तिसाव्या हिश्श्याचा रणगाडा

घरात प्लॅस्टिकचा रणगाडा बांधायचा असेल, तर दोन पथ्ये पाळावी लागतात. घरच्यांना ते खेळणे वाटू द्यायचे नाही आणि त्याची किंमतही त्यांना कळू द्यायची नाही. ही दोन्ही पथ्ये एकदम पाळणे कुणालाच जमलेले नाही. खेळणे आहे म्हटले, तर एवढ्या पैशांत लहान मुलाची सायकल आली असती, असे ऐकावे लागते. खेळणे नाही म्हटले, तर मग हे नेमके आहे तरी काय, या प्रश्नाचे सरळ उत्तर पन्नाशीच्या गृहस्थाला देता येत नाही. शेजारच्या काकांनी खोक्यावरचे चित्र बराच वेळ न्याहाळून विचारले, ‘रिमोटवर चालतो का?’ नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी करुणा दाटून आली, ती मी इतर कुणाच्या बाबतीत कधी पाहिलेली नाही.

मी निवडला तो अमेरिकेचा शर्मन रणगाडा, आणि त्यातही ‘एम-४-ए-४’ हा प्रकार. शर्मनच्या कुळात याच्याइतका विक्षिप्त भाऊ दुसरा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला रणगाडे हवे होते हजारोंनी, आणि तेवढी इंजिने तयार नव्हती. तेव्हा क्रायस्लर कंपनीने मोटारगाडीची सहा-सहा सिलिंडरांची पाच इंजिने एका मोटेत बांधली आणि तीस सिलिंडरांचे एक धूड उभे केले. ते मावेना म्हणून रणगाड्याचे धडच लांबवले. स्वतःच्या फौजेला हा प्रकार परदेशी लढाईसाठी नको होता, म्हणून तयार झालेल्या सुमारे साडेसात हजारांपैकी बहुतेक गाड्या अमेरिकेने ब्रिटिशांना देऊन टाकल्या, आणि त्यांतल्या काही आपल्या पलटणींकडे आल्या. १९४५च्या मार्चमध्ये ब्रह्मदेशात मेइक्तिला हे शहर जपान्यांकडून घेतले गेले, तेव्हा प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या आपल्या रिसाल्यांकडे, म्हणजे घोडे सोडून रणगाड्यांवर आलेल्या पलटणींकडे, शर्मनच होते. डेक्कन हॉर्सचे शर्मन तर पुढे १९६५मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोरही उभे राहिले. एवढा इतिहास मी घरात सांगितला, तेव्हा सौ.ने शांतपणे विचारले, ‘अहो, पण ते सगळं डायनिंग टेबलावरच व्हायला हवं का?’

आधी मापाचे सांगतो. हे मॉडेल मूळ गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याचे असते. म्हणजे सहा मीटरांहून थोडा लांब आणि तीस टनांहून जड असा हा प्राणी टेबलावर १७ सेंटीमीटरांच्या आसपास भरतो. पस्तीसच का, तीस किंवा चाळीस का नाही, असे कुणालाही वाटेल. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले, तेव्हा त्याच्या पोटात बॅटरीचे सेल बसले पाहिजेत, या हिशेबाने त्याचे आकारमान ठरले. ते मोजले तेव्हा एकास पस्तीस भरले, आणि मग सगळ्या जगाने तेच माप उचलले. आज आम्ही मंडळी ज्या मापासाठी अर्ध्या मिलिमीटरवरून हमरीतुमरीवर येतो, ते माप सेलच्या जोडीने ठरवलेले आहे, आणि आता त्या पोटात सेलही नसतात. काकांचा रिमोटचा प्रश्न, इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर, अगदीच गैरलागू नव्हता.

खोके उघडले की आत प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात. या चौकटींना स्प्रू म्हणतात, आणि सगळे भाग बारीक देठांनी त्यांना लगडलेले असतात. निपरने देठ कापायचा, राहिलेला टवका सुरीने तासायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि मग तो भाग चिकटवायचा. कृती सांगायला एवढीच आहे. अडचण अशी की निपरच्या पात्यात दाब पडताच तांदळाच्या कणीएवढा तुकडा टिच्कन उडतो आणि खाली जातो. परदेशी लोक अशा वेळी गालिच्याला दोष देतात. त्यांनी आमच्या जुन्या इमारतीची मोझॅकची फरशी पाहिलेली नाही. राखाडी, काळ्या, तपकिरी आणि शेवाळी चिपा ओतून, घोटून, पॉलिश करून केलेली ती फरशी हरवलेला तुकडा इतक्या सफाईने पोटात घेते, की युद्धकाळातल्या छद्मरंगवाल्यांनी तिच्यासमोर शिष्यत्व पत्करावे. मी मोबाइलची बॅटरी लावून, गाल जमिनीला टेकवून, तिरप्या उजेडात सावल्या शोधत सरपटत असतो. अशाच अवस्थेत एकदा व्याही घरी आले. केर काढणाऱ्या मावशींना मात्र हे तुकडे हमखास सापडतात. त्या ते सुपलीतून अचूक वेचतात, ‘दादा, हे तुमचं काय ते’ म्हणून हातावर ठेवतात, आणि शेवटी हटकून म्हणतात, ‘यातलं एक खरं दगडाचं असेल, बघून घ्या.’

तरीही हे सगळे सुसह्य आहे. असह्य आहे तो चाकांभोवतीचा साखळपट्टा. जुन्या किटांत तो रबरासारखा एकसंध येत असे. दोन टोके जोडली की काम संपले. पुढे अचूकतेचे वारे सुटले, आणि आता पट्ट्याची कडी न् कडी सुटी मिळते. इतर शर्मनना एका बाजूला ७९ ठोकळे लागतात. आमचा एम-४-ए-४ लांब, म्हणून त्याला ८३. प्रत्येक ठोकळ्याच्या दोन टोकांना दोन जोडकड्या असतात. म्हणजे एका बाजूचे २४९ भाग, दोन बाजूंचे ४९८. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी पाच इंजिने एकत्र बांधली नसती, तर माझे चोवीस भाग वाचले असते. हा राग ऐंशी वर्षांनी व्यक्त करण्यात अर्थ नाही हे मला कळते, परंतु चिमट्यात जोडकडी धरून ती केसाएवढ्या खुंट्यांवर बसवताना अर्थाचा विचार कुणी करत नाही. कडी हलती राहावी म्हणून गोंद लावायचा नसतो, आणि गोंद नसल्यामुळे पुढची बसवताना मागची निघते. घरात कुणी जोरात दार लावले, तरी मला त्याचा हिशेब चुकवावा लागतो.

इंजिनाची कथा याहून करुण आहे. ते किटमध्ये नव्हते. वेगळे, रेझिनचे, मागवून घेतले. पाचही इंजिनांच्या वायरी मी बारीक तारेने ओढल्या, गंज दाखवला, तेलाचे ओघळ दाखवले, आणि मग सूचनापत्रकात लिहिल्याप्रमाणे वरून झाकण चिकटवून टाकले. ते इंजिन आता कुणालाही दिसत नाही. ‘मग बसवलं कशाला?’ असे सौ.ने विचारले. ‘आत आहे हे मला माहीत आहे,’ असे मी म्हणालो. त्यावर तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली.

या उद्योगाची खरी गंमत पुढे सुरू होते. जोडावरच्या फटी पुट्टीने बुजवून, घासून घासून बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, आरशासारखा गुळगुळीत केला, की लगेच आठवण होते की खरा बुरूज ओतीव पोलादाचा होता आणि ओतकाम खडबडीत असते. मग पातळ केलेली पुट्टी ताठ ब्रशने त्यावर टिपायची आणि घासलेले सगळे पुन्हा खरबरीत करायचे. किती खरबरीत, हे ठरवायला मी शिर्डीच्या वाटेवर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गाडी थांबवली. बाकीची मंडळी सावली शोधत होती आणि मी उन्हात तापलेल्या पोलादाच्या पोतावर बोटे फिरवत होतो. तिथे एक गोष्ट लख्ख दिसली: जोडणीचे झाळकाम, म्हणजे वेल्डिंग, ओबडधोबड, वाहत आलेले, कुठे जाड तर कुठे पातळ. कारखान्यातल्या माणसाला पुढची गाडी हातावेगळी करायची होती. माझ्या जोडात तेवढी फट राहिली असती, तर मला रात्री झोप लागली नसती.

रंगाचेही तसेच. एअरब्रशचा कॉम्प्रेसर सुरू केला की खालच्या मजल्यावरून हाक येते, ‘कुणी टायरमध्ये हवा भरतंय का?’ पावसाळ्यात तर लॅकर रंगाला हातच लावू नये. त्यातले द्रावण भराभर उडते, पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि हिरव्या रंगावर पांढुरकी साय धरते. कोरड्या दिवसाची वाट पाहावी, तर पंखा बंद ठेवावा लागतो, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये पंखा बंद करण्याचा अधिकार कुठल्याही कर्त्या पुरुषाला नाही. शिवाय ऑलिव्ह ड्रॅब या अमेरिकी लष्करी हिरव्या रंगाची नेमकी छटा कोणती, यावर जाणकारांत इतकी तेढ आहे की दोघांना एका पंगतीत बसवू नये. छोट्या वस्तूवर मूळ रंग गडद दिसतो म्हणून तो फिकट करून लावावा, असा एक पंथ. ज्याने मूळ रंग पाहिलेलाच नाही त्याने फिकट कशाच्या मानाने करावा, असा दुसरा. मी दुसऱ्या पंथाचा आहे, पण रंग फिकट करून लावतो.

अखेर गाडी नवीकोरी, एकसारख्या रंगाची, पांढऱ्या ताऱ्यासकट तयार झाली, तेव्हा घरातल्या सर्वांनी पहिल्यांदाच मनापासून कौतुक केले. दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर चिखल लावायला घेतला. कडांवरचा रंग स्पंजने उडवला, गंजाचे ओघळ सोडले, इरावतीकाठच्या वाळूसारखी दिसेल अशी पिवळट धूळ पट्ट्यात भरली. ‘इतका छान रंगवलात, आणि आता स्वतःच घाण करताय?’ सौ.चा आवाज खरोखर दुखावलेला होता. खोलीच्या कोपऱ्यातली धूळ पुसायला जो माणूस महिनोन्महिने उठत नाही, तो विकतची धूळ डबीतून काढून तीन नंबरच्या ब्रशने लावतो आहे, हे दृश्य तिला समजावून सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हते.

राहता राहिले शिपाई. किटमध्ये आलेले गोरे चेहरे रिसाल्याच्या गाडीवर शोभेनात, म्हणून पगडीवाली शीख डोकी बाहेरून मागवली. कुरिअरच्या मुलाने पाकिटावरचा तपशील मोठ्याने वाचला, ‘डोकी, पाच नग,’ आणि सही घेताना तो उंबऱ्यापासून दोन पावले मागे उभा राहिला. पस्तिसाव्या हिश्श्याच्या डोळ्यात बाहुली काढणे हा प्रकार श्वास रोखून करायचा असतो. तीन शिपाई उत्तम जमले. चौथा दचकलेला दिसतो. वर उभा असलेला नायक किंचित तिरळा झाला आहे, पण तो दुर्बीण धरून असल्यामुळे खपून जातो.

आता प्रश्न तो ठेवायचा कुठे. शोकेसमध्ये जागा मिळाली, परंतु तोफेचे तोंड कुठे करावे यावर घरात तंटा आहे. डावीकडे विठ्ठल-रखुमाई असल्यामुळे ती बाजू बाद झाली. उजवीकडे सासऱ्यांचा सत्काराचा फोटो आहे, आणि तिथे तोफ वळवण्याचा माझा हेतू नव्हता असे मी शपथेवर सांगितले, तरी ते कुणी मानले नाही. समोर टीव्ही आहे. त्याला सुनेची हरकत. तेव्हा तूर्त सर्वानुमते बुरूज तिरका फिरवून नळी खिडकीतून शेजारच्या काकांच्या गॅलरीवर रोखली आहे. काकांनी ते अजून पाहिलेले नाही.