सीट कुठून कापायची: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. कमी उंचीच्या चालवणाऱ्यांनी रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० बुलेटची सीट पुढून बारीक करून घ्यावी, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की, तुम्ही वहिनींसाठी सीट कापून घेतलीत आणि चिपळूण-गणपतीपुळे करून आल्यावर त्यांची कंबर धरली. त्यापेक्षा मागचे शॉकअप आखूड बसवणं बरं. आणि तसंही एका पायावर गाडी सांभाळता येते, ज्यांना जमत नाही त्यांनी स्कूटर घ्यावी.

वहिनींना त्रास झाला याबद्दल शंकाच नाही. पण तुम्हीच लिहिलंय की सीटवाल्याने वरून सरसकट दीड इंच फोम काढला. दुखणं तिथूनच आलं. गाडी चालत असते तेव्हा आपलं वजन बुडाच्या दोन हाडांवर असतं आणि ती हाडं सीटच्या मागच्या, रुंद भागावर टेकलेली असतात. समोरून एसटी आली, थांबावं लागलं, की आपण पुढे टाकीकडे सरकतो आणि पाय खाली सोडतो. बसायची जागा एक, पाय टेकायची जागा दुसरी. मी कापायला सांगते ती ही पुढची जागा, तीही दोन्ही कडांनी. मांडीखालची कड गेली की पाय बाहेर फाकत नाहीत, सरळ खाली जातात. मागच्या बैठकीच्या रुंदीला हात लावायचा नाही. बायकांच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण त्या दोन हाडांमधलं अंतर बायकांमध्ये साधारणपणे जास्त असतं.

कंपनीचा सीट हाइटचा आकडा ही रुंदी सांगत नाही. स्प्लेंडरची सीट ७८५ मिमी, क्लासिकची ८०५. फरक फक्त २० मिलिमीटरचा, पण स्प्लेंडरवर सहज पाय टेकवणारी मुलगी क्लासिकवर चवड्यांवर येते. वजनाचा फरक आहेच, क्लासिक १९५ किलोची आहे. पण पाय पोचत नाहीत ते मुख्यतः सीट रुंद असल्यामुळे.

आता एका पायाचं. सपाट रस्त्यावर एक पाय पुरतो, हे मीही मानते. पण आपल्याकडे सपाट रस्ता असतो कुठे? कुंभार्ली घाटात चढावर थांबलात की उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवावा लागतो. सगळा तोल डाव्या पायावर येतो आणि डावीकडे रस्ता गटाराकडे उतरलेला असतो. तिथे नुसती बोटं टेकून भागत नाही, अख्खा तळवा लागतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढवताना तर हे फारच जाणवतं. ओहोटी असली की जेटीचा खालचा शेवाळलेला भाग उघडा पडतो, पुढच्या गाड्या अडकतात आणि खलाशी मध्येच हात दाखवून थांबवतो. उतारावर, ओल्या सिमेंटवर, दोन क्विंटलची गाडी चवड्यांवर धरून उभं राहायचं. उंच माणसाला त्यात काही वाटत नाही. बुटक्या माणसाचा फेरीबोटीने जायचा धीर तिथेच सुटतो आणि मग तो लांबचा वळसा घेतो. मला हे सहन होत नाही, म्हणून एवढं लिहिते.

शॉकअप आखूड करू नका, दादा. मागची बाजू बसली की हँडल जड होतं, हेडलाइट वर बघू लागतो आणि साइड स्टँड गाडीच्या मानाने लांब पडतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने किंवा धक्क्याने पलीकडे पडू शकते. शिवाय जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर पोट घासतं ते वेगळंच. त्याऐवजी आहे त्याच शॉकअपची सेटिंग सगळ्यात मऊवर आणा. क्लासिकला सहा टप्पे आहेत. चालवणाऱ्याचं वजन कमी असलं तरी मग गाडी थोडी खाली बसते आणि खड्डेही कमी लागतात.

स्कूटरचा सल्ला मात्र मला पटला नाही. स्कूटर चांगलीच आहे, पण छोट्या चाकांनी पावसाळ्यातला मुंबई-गोवा हायवे करणं वेगळं आणि मोठ्या चाकांनी करणं वेगळं. आणि एखाद्या बाईला बुलेटच चालवायची असेल तर तिला ती नीट चालवता यावी, एवढंच बघायचं.

वहिनींची कापलेली सीट टाकून देऊ नका. मूळ सीट असेल तर तीही जपून ठेवा. सीटवाल्याकडे वहिनींना घेऊनच जा. रेक्झिन काढून त्यांना नुसत्या फोमवर बसवा, मांडी जिथे अडते तिथे खडूने रेघ मारायला सांगा. करवतीच्या पात्याने एकेका बाजूने थोडंच कापायचं, पुन्हा बसून पाय टेकवून बघायचं, मग पुन्हा थोडं. पुढची धार ग्राइंडरने गोल करून घ्या, नाहीतर मांडीला काचते. मागे जिथे दीड इंच गेलाय तिथे घट्ट, दाबलेल्या फोमचा थर चिकटवून घ्या. मऊ फोम नको, तो तासाभरात बसतो आणि खालचा बेस टोचतो. बैठक सपाट राहिली पाहिजे. पुढे उतरती झाली तर माणूस टाकीवर घसरत राहतो आणि सगळा भार मनगटांवर येतो.

रेक्झिनची शिवण वर नको, बाजूला घ्या. वरच्या शिवणीतून पाणी झिरपलं की जून ते सप्टेंबर ओल्या स्पंजवर बसल्यासारखं होतं. आणि पिना स्टेनलेसच्या मागा, आपल्या खाऱ्या हवेत साध्या पिना गंजून रेक्झिन सुटतं. हे सगळं गणपतीच्या आधी करायला सांगू नका, तेव्हा सीटवाल्याकडे गर्दी असते आणि तो घाईत कापून मोकळा होतो.