मास्क दिला, पण वर उभं कोण?

‘मशीन आल्या, मास्क दिले, आता टाक्या-गटारांत उतरणाऱ्या त्या लोकांना आणखी कसलं ट्रेनिंग?’ नागपूरच्या आमच्या ग्रुपवर हा सूर निघाला की डोकं फिरतं. असं बोलणारे हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत टाक्यांची कामं करून घेणारे, शिकलेले लोक आहेत. मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. टाकीत ऑक्सिजनच कमी असेल, तर कार्ट्रिजचा मास्क लावलेला माणूसही तसाच कोसळतो.

मी राहतो तिथे, इकडे कॅनडातल्या ऑन्टारिओत, बंदिस्त जागांच्या ६३२/०५ या नियमाप्रमाणे झाकणाशी अटेंडंट, म्हणजे वर उभा राहून लक्ष ठेवणारा माणूस, नसेल, तर कोणी आत पाय टाकत नाही. तो सतत आतल्याशी बोलत राहतो, आणि स्वतः कधीही उतरत नाही, आतला पडला तरी नाही. आपल्याकडे त्यालाच चहा आणायला पिटाळतात. आतला गप्प झाला की वरून दुसरा उडी घेतो, मग तिसरा. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्येच लिहून ठेवलंय की अशा जागांतल्या मृतांत ६० टक्क्यांहून जास्त वाचवायला गेलेलेच असतात. ट्रेनिंग हवं ते यासाठी.

माणूस बाहेरूनच ओढून काढता यायला हवा. त्यासाठी ट्रायपॉड (झाकणावर उभी करायची तिपाई), विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) आणि पाठीवर डी-रिंग, म्हणजे दोर अडकवायची कडी, असलेला फुल बॉडी हार्नेस (सगळ्या अंगाला बसणारे पट्टे) लागतो. कमरेला दोर बांधला तर शरीर दुमडतं आणि गडरच्या (गटाराच्या) तोंडाशी अडकतं.

आत गॅस आहे का ते काडी पेटवून बघणं तर सोडाच. मिथेन असेल तर भडका उडेल. गॅस मीटरवर आधी ऑक्सिजन बघायचा, १९.५ टक्क्यांच्या खाली नको. ज्वलनशील गॅसच्या सेन्सरला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो, म्हणून हा क्रम. मग ज्वलनशील, मग विषारी. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी. मिथेन वर चढतो, हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो. सल्फाइड १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि लोक समजतात गॅस गेला. गाळ ढवळला की तो पुन्हा सुटतो, त्यामुळे मीटर काम संपेपर्यंत अंगावर हवा. ताजी हवा आत सोडणाऱ्या ब्लोअरचं हवा ओढणारं तोंड जनरेटरच्या धुराकडे असेल, तर आपणच कार्बन मोनॉक्साइड आत ढकलतो.

कायदा नाही असं कोणी सांगू नये. फॅक्टरी कायद्यात विषारी वायूच्या जागेत उतरण्याबद्दलचं कलम ३६ १९४८ पासूनच होतं, गटारातल्या धोकादायक सफाईवर बंदी २०१३ ची. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली, आणि चर्चा त्या आकड्यापाशीच थांबली.

‘तिकडे बसून सांगणं सोपं’ हेही ऐकवतात. सोपं आहेच. इथे लेबर मिनिस्ट्रीचा इन्स्पेक्टर काम बंद पाडतो, म्हणून शिस्त आहे. इथली माणसं काही जात्याच शहाणी नाहीत. पण इथल्या, आत उतरण्याच्या परमिटवर सही करताना मनात तुलना होते ती नागपूरशीच. गाव सुटलं म्हणून बोलायचा हक्क गेला, हे मला मान्य नाही.

कंत्राटदाराला एकच विचारा: कोणीही न उतरता आतला माणूस वर कसा काढणार? ७० किलोचा पुतळा आत सोडा आणि काढून दाखवायला सांगा. ‘फायर ब्रिगेडला फोन करू’ हे उत्तर आलं तर परमिट देऊ नका. ऑक्सिजनशिवाय मेंदू काही मिनिटांतच जातो, तोवर गाडी वर्धा रोडच्या सिग्नलवरच असेल.