शिकाऊ नर्सच्या वॉर्डातल्या तासांचे पैसे

मागच्या रविवारी मावशीचा परळहून फोन आला. माझी मावसबहीण मुंबईत बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात नोटीस लागलीय: बाहेर नोकरी करताना कुणी सापडलं तर कारवाई होईल. ती आठवड्यातून तीन रात्री एका छोट्या नर्सिंग होममध्ये ड्यूटी करते. मावशी म्हणते, कॉलेजचं बरोबर आहे, पोरीचे डोळे बघवत नाहीत. काका म्हणतात, मग फी कशातून भरायची? दोघांचंही खरं आहे, त्यामुळे मला फोनवर काही बोलता आलं नाही.

मी आता जर्मनीत श्टुटगार्टजवळ एका रुग्णालयात नर्स आहे. मुंबईत जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करताना मीही हेच केलंय. सकाळी सातला वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री नऊला चेंबूरचं एक नर्सिंग होम. नर्स म्हणून माझं रजिस्ट्रेशन झालेलं नव्हतं, तरी अख्ख्या मजल्याला मी आणि एक आया, एवढ्याच. एकदा पहाटे, ऑपरेशन झालेल्या एका आजोबांचा इन्टेक-आउटपुट चार्ट, म्हणजे पोटात किती पाणी गेलं आणि लघवी किती झाली त्याचा तक्ता, भरत होते. दोनची नोंद माझ्या अक्षरात आहे. चारच्या रकान्यात पेनाची एक रेघ, पार पानाच्या कडेपर्यंत घसरत गेलेली. जाग आली तेव्हा युरिन बॅग काठोकाठ भरली होती. आजोबा जागेच होते. म्हणाले, "झोप गं, मी कुणाला सांगत नाही." त्यांना काही झालं नाही. पण ती रेघ मला अजून दिसते, आणि विद्यार्थ्यांनी नोकरी करावी की नाही हा वाद ऐकला की आधी तीच आठवते.

आपल्याकडे परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकलची 80 टक्के हजेरी लागते, आणि डिग्री हातात पडण्याआधी प्रॅक्टिकल 100 टक्के पूर्ण करावं लागतं. नियम योग्यच आहे, अर्धवट शिकलेली नर्स कुणाला हवी? पण मग नोकरीसाठी वेळ काढायचा कुठून? वॉर्ड बुडवता येत नाही, लेक्चर बुडवता येत नाही. उरते ती झोप.

इथे जर्मनीत 2020 पासूनच्या कायद्याप्रमाणे नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं आहे: 2,100 तास वर्गात, 2,500 तास प्रत्यक्ष कामावर. शिकणाऱ्या मुलीशी रुग्णालय किंवा केअर होम करार करतं आणि पहिल्या महिन्यापासून पगार देतं. सार्वजनिक रुग्णालयांत तो पहिल्याच वर्षी दरमहा 1,300 युरोंच्या वर आहे. दोन ड्यूट्यांमध्ये साधारण 11 तासांची विश्रांती कायद्याने द्यावी लागते, आणि दुसरीकडे नोकरी धरली तर तिचे तासही याच हिशोबात धरतात. आमच्या वॉर्डातल्या शिकाऊ मुलीही थकतात. पण घरभाड्यासाठी त्यांना आणखी कुणाच्या रात्री काढाव्या लागत नाहीत.

इथलं सगळं आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. कामाच्या निदान दहा टक्के वेळात प्रशिक्षित नर्सने सोबत राहून शिकवलंच पाहिजे, असं कायदा सांगतो. माणसं कमी पडली की पहिल्यांदा तेच मागे पडतं. पगार दिला की विद्यार्थिनीला शिकाऊ न धरता कामाचा आणखी एक हात धरलं जातं, ही भीती मुंबईत जे बोलून दाखवतात त्यांचं मी ऐकते. तो धोका खरा आहे, मी रोज बघते. तरीही मी पगाराच्याच बाजूने आहे, कारण पैसे न देताही आपण त्या मुलींना हात म्हणूनच वापरतो. बेड मेकिंग, रुग्णाचं अंग पुसणं, सॅम्पल लॅबला पोचवणं यातलं किती काम त्या करतात ते कुठल्याही सिस्टरला विचारा. "ही सेवा आहे" असं जे म्हणतात त्यांना मी एवढंच विचारेन की सेवेची फी आईबापांनी का भरायची?

आणि यात रुग्णाचंही नुकसान आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2016 मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की 50 खाटांपर्यंतच्या खाजगी रुग्णालयातसुद्धा नर्सला महिना किमान 20,000 रुपये मिळावेत. माझी बहीण जिथे रात्री जाते तिथल्या पास झालेल्या सिस्टरला आजही तेवढे मिळत नाहीत. बहिणीला तर त्याहून खूप कमी, म्हणून तर तिला ठेवलंय, आणि रुग्णाच्या वाट्याला रात्री अर्धवट शिकलेली, झोपेला आलेली मुलगी येते. कॉलेजची नोटीस त्या नर्सिंग होमला कुठे लागू होते? शिक्षा फक्त मुलीला.

2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने मी राहते त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला. त्यात नर्सही आहेत. येऊ देत, मी स्वतः त्यांना घ्यायला स्टेशनवर जाईन. पण ज्यांना आपण नर्स द्यायला निघालोय ते शिकणाऱ्या मुलीच्या तासांचा हिशोब कसा ठेवतात, हेही आपल्या अधिकाऱ्यांनी बघून जावं. 2023 च्या नव्या कायद्याने राष्ट्रीय नर्सिंग आयोगाची तरतूद झालीय. स्टायपेंड आणि ड्यूटीचे तास, सरकारी-खाजगी सगळ्या कॉलेजांना सारखे, हे काम त्याने आधी हाती घ्यावं.

मावशीला मी बुधवारी परत फोन केला. उरलेल्या वर्षांची फी मी पाठवते म्हटलं. काका दोन दिवस बोलले नाहीत, मग हो म्हणाले. बहिणीने नर्सिंग होम सोडलं. तिच्या तिन्ही रात्री आता तिच्याच वर्गातली, बदलापूरहून येणारी एक मुलगी करते.