"खाली बघू नकोस" हा सल्ला आता बंद करा

रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून उतरायच्या, कड्यावर कुणी थरथरायला लागलं की मागून हमखास आवाज येतो, "खाली बघू नकोस!" सांगणाऱ्याचं मन चांगलं, सल्ला कुचकामी. खाली न बघता पाय ठेवणार कुठे? आणि न बघितलेली दरी डोक्यात दुप्पट खोल होते.

उंचीवर गरगरण्याचा भित्रेपणाशी दरवेळी संबंध असतोच असं नाही. उभं असताना शरीर सतत किंचित डुलत असतं. डोळे, आतला कान आणि पायांचे स्नायू मिळून ते सावरतात. डोळ्यांना त्यासाठी जवळची स्थिर वस्तू लागते. कड्यावर समोरचं सगळंच लांब, त्यामुळे डोळ्यांना डुलणं कळत नाही, कान आणि पाय मात्र वेगळंच सांगत राहतात. म्हणून आधी सेल्फ (कमरेला बांधलेला सुरक्षेचा छोटा दोर) अँकरला, म्हणजे कातळातल्या पक्क्या आधाराला, अडकवा, हात-दोन हातांवरच्या एखाद्या दगडावर नजर रोवा, एक हात टेकवा. मग नजर टप्प्याटप्प्याने खाली न्या: पाच फूट, वीस फूट, तळ. गरगरलं की परत दगडावर. उभ्याने जमत नसेल तर बसून करा.

रॅपलिंगमध्ये खरी कसोटी पहिल्या दोन पावलांची. घाबरलेला माणूस कड्याला चिकटतो, ताठ उभा राहतो आणि तिथेच फसतो. तळव्यांचा दाब कातळावर पडत नाही, बूट सटकतात, गुडघे नाहीतर तोंड फुटतं. पाय खांद्यांइतके फाकवायचे, कंबर मागे टाकून हार्नेसमध्ये (कंबर-मांड्यांच्या पट्ट्यात) चक्क बसायचं, तळवे कातळाला सपाट. आधी जमिनीवरच अँकरला दोर लावून दहा वेळा मागे रेला. दोर आपलं वजन घेतो हे डोक्याला माहीतच असतं, ते ढुंगणाला पटावं लागतं.

चढताना पाय शिवणयंत्रासारखा उडायला लागला तर टाच खाली सोडा. बहुतेक वेळा टाच उचलून पिंढरीवर नको तेवढा ताण घेतलेला असतो. पडण्याची भीती असेल तर टॉप रोपवर, म्हणजे वरून अडकवलेल्या दोरावर, भिंतीच्या मध्यावर आधी नुसतं दोरावर बसा, नंतर हात सोडा. एका दिवसात पाच-सहा वेळा पुरे. भीती ऐन भरात असताना उतरू नका, ती निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबा. नाहीतर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो.

मात्र बकल नीट लागलंय का, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) लॉक आहे का, दोराच्या टोकाला गाठ आहे का, या शंकांना भीती समजून दामटू नका. तपासा, दुसऱ्याकडूनही तपासून घ्या.

स्कूबातही हीच युक्ती चालते. तळ न दिसणाऱ्या निळ्या पाण्यात नजर उतरायच्या दोरावर किंवा जोडीदारावर ठेवायची. धाप लागली तर हालचाल थांबवा, दोर धरा, उच्छ्वास लांबवा. उथळ, भराभर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुदमरणं आणखी वाढतं. श्वास रोखून वर झेप तर कधीच घेऊ नका: 10 मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते, फुप्फुस फाटू शकतं. 30 मीटरच्या आसपास विनाकारण धास्ती वाटायला लागली तर ती खोलवरच्या दाबात श्वासातल्या नायट्रोजनने चढणारी झिंग असू शकते. तिथे मनाची समजूत घालत बसू नका. जोडीदाराला खूण करून, श्वास चालू ठेवून, सावकाश थोडं वर या.