वाचून उपयोग नाही, पुस्तक मिटून आठवायला पाहिजे

अभ्यास पाठ व्हावा म्हणून धडा दहा-दहा वेळा वाचा असं एका लेखात सांगितलंय, ते मला पटलं नाही बघा. मी बेळगावकडच्या खानापूर भागात मराठी मीडियमच्या एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या पोरांची शिकवणी घेते, पोरं धडा पाच वेळा वाचतात आणि सगळं येतंय म्हणतात, पुस्तक मिटलं की निम्मं पण सांगता येत नाही. वाचताना ओळखीचं वाटतं म्हणजे पाठ झालं असं नसतंय की वो!

एबिंगहाऊस म्हणून जर्मन माणूस होता, त्यानं स्वतःवरच प्रयोग करून 1885 ला दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर विसरतं, मग विसरायचा वेग कमी होतो. म्हणून मी कन्नडचे शब्द एकदम पन्नास देत नाही, रोज आठ, एका बाजूला कन्नड बिसिलु, मागं मराठीत ऊन असं लिहून चिठ्ठ्या करायच्या, दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं मागची बाजू न बघता सांगायचं आणि चुकलेली चिठ्ठी परत उद्याच्या गठ्ठ्यात. विज्ञानाचा धडा घरी आज्जीला समजावून सांगायला लावते, आज्जी "म्हणजे काय रे?" विचारते तिथंच पोरगं अडकतं, तेवढंच परत वाचायचं. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागवू नका हो पोरांना, झोपेतच ते डोक्यात पक्कं बसतं.