लाल समुद्रातली लढाई आणि आमच्या द्राक्षांचं भाडं

परवा जुन्या वर्गमित्रांच्या बैठकीत कडाक्याचा वाद झाला. एकाचं म्हणणं, युद्ध पेटलं की जहाज कंपन्या भाडं वाढवणारच, धंदा म्हटल्यावर त्यात बोलण्यासारखं काय? तिथे मला नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

2024 चा हंगाम आठवा. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज ताब्यात घेतलं. पाठोपाठ क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सुरू झाले आणि डिसेंबरात मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. इकडे नाशिकच्या निफाड-दिंडोरीत तेव्हा आमच्या द्राक्षांचे मणी फुगत होते. एरवी न्हावा शेव्याहून निघालेला रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर तीन-साडेतीन आठवड्यांत रॉटरडॅमला लागायचा, तो पाच आठवड्यांच्या पुढे जायला लागला. शून्य अंशावर ठेवा, पेटीत ग्रेप गार्ड (बुरशी रोखणारा कागद) घाला, तरी इतक्या दिवसांनी देठ तपकिरी पडायला लागतो. आणि देठ सुकला की तिकडचा खरेदीदार भाव पाडतोच.

वळशाला माझा आक्षेप नाही. मार्च 2024 मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर क्षेपणास्त्र आदळून तीन खलाशी गेले, उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’नं वाचवलं. माझी द्राक्षं आठ दिवस लवकर पोचावीत म्हणून कुणाचं पोर मरू नये. जादा इंधन, जादा दिवस, चढलेला विमा, याचे पैसे कंपन्यांनी जरूर घ्यावेत.

पण खर्च भरून काढणं वेगळं आणि टंचाईवर कमावणं वेगळं. मर्स्क या बड्या जहाज कंपनीचेच जाहीर आकडे बघा. फेब्रुवारी 2024 मध्ये कंपनीचा वर्षाचा अंदाज होता: कामकाजी नफा फार तर शून्य, नाहीतर 5 अब्ज डॉलरपर्यंत तोटा. वर्ष संपलं तेव्हा 6.5 अब्ज डॉलर नफा निघाला. बाजारात जहाजं जास्त झाली होती, दर पडायला आले होते. वळशामुळे तीच जहाजं जास्त दिवस समुद्रात गुंतली आणि दर चढले. मित्र म्हणाला, हा मागणी-पुरवठा झाला, यात बेकायदा काय? काहीच नाही. म्हणून तर मला कंपनीपेक्षा नियमांबद्दल बोलायचंय. मूठभर कंपन्यांच्या हातात जगातली बहुतेक कंटेनर वाहतूक आहे. त्यांनी एकमेकींशी भागीदारी करून जहाजं चालवावीत यासाठी स्पर्धा कायद्यात दिलेली खास सवलत युरोपनं एप्रिल 2024 मध्ये संपू दिली. आपल्याकडे या विषयावर चार माणसं तरी भांडतात का?

आता आमच्या बांधावरचं. त्या वर्षी निर्यातदाराशी आमचा सौदा ठरला होता, माल अर्धा तोडून झाल्यावर त्यानं ‘भाडं वाढलंय’ म्हणून किलोमागे दहा-बारा रुपये कापले. बिल दाखवा म्हटलं, तर शेवटपर्यंत दाखवलं नाही. कापलेले पैसे परत आले नाहीत. जहाज कंपनीच्या करारात मार्ग बदलायचं कलम असतं, विमावाल्याकडे युद्धाचं कलम असतं, निर्यातदाराकडे ‘परिस्थितीनुसार’ असतं. आमच्याकडे पिकलेला घड असतो, आणि तो वेलीवर थांबत नाही.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपनं आपला माल अडवला. आज निर्यातीच्या बागेतली प्रत्येक फवारणी नोंदलेली असते, प्लॉटची नोंदणी असते, प्रयोगशाळेचा अहवाल असतो. हे चांगलंच झालं, त्यामुळेच बाजार टिकला. मग औषधाच्या थेंबाचा हिशेब देणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्याच पैशातून कापलेल्या भाड्याचा हिशेब का मिळू नये?

आमच्या गटातल्या चौदा जणांनी यंदा सौद्याचा एक पानी कागद केलाय. सौद्याच्या दिवशीचं भाडं त्यात लिहायचं, वाढलं तर जहाज कंपनीचं बिल दाखवून निम्मं-निम्मं वाटायचं, उतरलं तर तेही निम्मं-निम्मं. दोन निर्यातदारांनी सही केली, तिघांनी नाही म्हटलं. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झालीय, सौद्यांना अजून वेळ आहे. कागद हवा असेल तर खाली लिहा, पाठवतो.